ऐनवेळचा विषय

आमच्या कॉलेजात विद्यार्थी परिषदेवर जायला निवडणूक लागत नाही. आदल्या वर्षी वर्गात पहिला आला तो वर्गप्रतिनिधी, शिवाय खेळ, सांस्कृतिक आणि एनएसएसचा एकेक. एस.वाय.ला मी पहिली आले आणि टी.वाय.ला आपसूक परिषदेत जाऊन बसले. ना पोस्टर, ना प्रचार, ना कुणाला वडापाव चारायला लागला. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मैत्रिणींनी लिहिलं, फुकटची पुढारीण झालीस.

मला पुढारपणाशी काही देणंघेणं नव्हतं. माझं दुखणं होतं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. आमची बॅच दुपारची, आणि सुटायची नेमकी पिरंगुटच्या कंपन्यांची शिफ्ट सुटते तेव्हा. आमच्या गावाकडं, भऱ्याकडं जाणारी बस इतकी गच्च यायची की ड्रायव्हर आमच्या स्टॉपवर थांबायचाच नाही. पुढच्या बसनं घरी पोचेपर्यंत अंधार. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जेवताना सांगितलं, "दिवेलागणीच्या आत घरी यायला जमत न्हाई, तर ऱ्हाऊ दे ते कालेज." आप्पा एकदाच सांगतात, त्याचीच तर भीती. रडून झालं, आईला मध्ये घालून झालं. आप्पा ढिम्म.

अशात परिषदेची बैठक लागली. कुणाही विद्यार्थ्यानं आपल्या वर्गप्रतिनिधीकडं विषय लेखी द्यावा, मग तो बैठकीपुढं येतो, अशी रीत. मी स्वतःच प्रतिनिधी, पण विषय द्यायची मुदत माझी रडण्यात गेली. बैठकीत सगळा वेळ स्नेहसंमेलनाच्या डीजेवर चालला. आमचा जी.एस., एका सरपंचांचा मुलगा, डीजेशिवाय संमेलनच नको म्हणून हटून बसलेला. सर्वांचे आभार मानून प्राचार्य उठायला लागले, तशी मी उभी राहिले. लहानपणी आईबरोबर ग्रामसभेला बसायचे, तिथलंच वाक्य तोंडात आलं. "अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचा विषय."

बोलायला लागले आणि पुस्तकी मराठी पार पळाली. "सर, बस थांबत न्हाई. आमी पोरी तितंच उभ्या ऱ्हातो, अंधार पडतो. घरचे कालेज बंद करायला निघालेत. आमचं प्रॅक्टिकल सकाळी घ्या." आणि त्याच झोकात, ग्रामसभेत ठराव वाचणारा विचारतो तसं विचारून बसले, "मंजूर?"

सगळी खोली एका सुरात म्हणाली, "मंजूर."

विचार कुणीच केला नव्हता. निम्म्याहून जास्त पोरं आसपासच्या गावांतली, हा प्रश्न कानावर पडला की तोंडातून उत्तर निघणारच. सगळ्यांत मोठा आवाज जी.एस.चा. आणि तो आमच्याच बॅचचा, त्याच्या नाटकाची तालीम सकाळी असायची, ती आता बुडणार होती. तो गडबडून म्हणाला, "सर, ते चुकून निघालं." नोंदी घेणाऱ्या मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "एकमतानं मंजूर असं लिहिलंय मी."

प्राचार्य हसले. म्हणाले, "परिषद शिफारस करते, टाइमटेबल मी करतो. पण एकमतानं आलेला ठराव नाकारायचा तर मलाही कारण द्यावं लागेल, आणि ते मला सापडत नाहीये." सोमवारपासून आमची बॅच सकाळी झाली. जी.एस. पुढचे काही दिवस माझ्याशी बोलला नाही. मी म्हटलं, बरं झालं, कानाला आराम.

सोमवारी घरी पोचले तेव्हा अंगणात अजून ऊन होतं. आप्पा विहिरीवरच्या मोटारीचं काहीतरी खोलून बसले होते. मी शेजारी बसून बैठकीची सगळी हकीकत सांगितली. पोटभर हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "हे तुजं शेवटचं वरीस न्हवं?"

"व्हय."

"मग त्येच्याफुडं काय असतंय?"

शाळेत घातल्यापासून आप्पांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. खरं तर पुढचं मी काहीच ठरवलं नव्हतं. पण आप्पा एकदाच विचारतात, म्हणून मी तिथल्या तिथं म्हणाले, "एम.एस्सी."