निळ्या दारासमोरचा उतार

गावाला पूर्वी मासळीचा वास यायचा. आता कॉफीचा येतो, आणि तो मासळीपेक्षा महाग पडतो, एवढाच काय तो फरक, असं चादरवाली म्हणायची. तळ्याकाठच्या त्या बंदरात तिचा जन्म गेला होता. जिथं बर्फाचं गोदाम होतं तिथं आता आर्ट गॅलरी होती. जाळी दुरुस्त करायच्या शेडमध्ये मातीची वाकडी भांडी विकायला ठेवली होती. वाकडी मुद्दाम, कारण सरळ भांडी कुठंही स्वस्तात मिळतात. ज्या पाण्याला गावातले सगळे तळं म्हणत आले, त्याला पाटी लागल्यापासून सरोवर म्हणायचं होतं. शनिवार-रविवारी बसा भरभरून माणसं यायची आणि धक्क्यावर उभी राहून ‘किती शांत आहे नाही इथं!’ असं एकमेकांना ओरडून सांगायची.

चादरवाली गावातल्या सगळ्या लॉजच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल धुऊन द्यायची. मागच्या खोलीत दोन मोठी मशिनं, पाणी तापवायचा बंब आणि पाठ मोडेल इतकं ठेंगणं इस्त्रीचं टेबल, हा तिचा कारखाना. कलेसाठी येणारी माणसं ती चेहऱ्यानं ओळखत नसे, चादरींवरून ओळखत असे. कोण अंथरुणात बसून वाइन पितं, कोण पायातले बूट न काढता झोपतं, हे तिला तोंडपाठ होतं. टॉवेलांवर निळा, हिरवा, जांभळा असे डाग दिसले की ती म्हणायची, “आले निसर्गप्रेमी. निसर्गावर जीव ओवाळून टाकतील, पण ब्रश पुसायला लॉजचाच टॉवेल लागतो मेल्यांना.”

तिच्या नशिबानं तिचं घर नेमकं बंदराच्या वळणावर होतं. निळं दार आणि त्याच्यापासून धक्क्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. दार निळं का, तर नवऱ्यानं बोट रंगवून उरलेला डबा तसाच वाळून जायला नको म्हणून. पण कुणीतरी ते दार पाहून हळवं झालं, त्याचं चित्र काढलं, आणि मग साथच आली. कार्डांवर तेच दार, कपांवर तेच, उशांच्या खोळींवरही तेच. ती खोळ धुवायला आली की ती स्वतःचंच दार मशिनमध्ये गरगर फिरताना बघत बसायची. लोक तिच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढत, आणि ओल्या चादरींची टोपली कमरेवर घेऊन ती दारातून बाहेर आली की म्हणत, “मावशी, जरा बाजूला होता का?” मावशी म्हणणाऱ्या निम्म्या बायका तिच्याहून मोठ्या असायच्या.

तिच्या नवऱ्याला सगळे दोरवाला म्हणत. धक्क्याला लागणाऱ्या बोटीवरून फेकलेला दोर झेलायचा आणि लोखंडी खुंट्याला गुंडाळायचा, हे त्याचं काम. माणूस गरीब स्वभावाचा, बायको बोलते म्हणून आपण गप्प राहावं अशा विचाराचा. त्याची एकच खोड होती. धक्क्यावर कुणी चित्राचा स्टँड मांडला की तो एक पाय खुंट्यावर ठेवायचा, पोट आत घ्यायचा, मान ताठ करायचा आणि तसाच उभा राहायचा. माशी नाकावर बसली तरी हलायचा नाही. संध्याकाळी घरी येऊन मान चोळत सांगायचा, “आज आलो बघ एका चित्रात.”

“आलात ना? मग द्या पगार वाढवून म्हणावं,” ती म्हणायची.

पण त्यापुढं ती जात नसे. गॅलरीत नवं प्रदर्शन लागलं की टेबलांवरच्या पांढऱ्या चादरी तीच पोचवायची, आणि सगळी चित्रं एकदा डोळ्याखालून घालायची. बोटी होत्या, दार होतं, पायऱ्या होत्या, पायऱ्यांवर झोपलेलं भटकं मांजरसुद्धा होतं. दोरवाला कुठंच नव्हता. खुंटा होता, पण त्यावर पाय नव्हता. उभ्या जगाला नावं ठेवणाऱ्या त्या बाईनं ही एक गोष्ट मात्र पोटात ठेवली होती.

मग एका सकाळी दोर झेलताना त्याचा हात वर गेलाच नाही. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. दवाखान्यातून परत आणलं तेव्हा चाकांच्या खुर्चीसकट त्याला पायऱ्या चढवायला चौघं लागले. वर चढला तो चढलाच. चादरवाली एकटी त्याला खाली नेऊ शकत नव्हती, आणि ते चौघं काही रोज मोकळे नव्हते. तो दाराशी बसून राहायचा. बोटीचा भोंगा वाजला की त्याचा डावा हात आपोआप उघडायचा आणि मिटायचा. ते बघितलं की ती इस्त्री टेबलावर जरा जास्तच जोरात आपटायची.

“खुंट्यापर्यंत तरी ने गं एकदा,” तो म्हणायचा. दुसरं काही त्यानं मागितलं नाही.

तिचा धाकटा भाऊ गवंडी होता. त्यानं येऊन बघितलं आणि सांगितलं, “पायऱ्यांच्या कडेनं, भिंतीला धरून लांब उतार काढता येईल. एका बाजूला कठडा. तू एकटी नेशील त्यांना.” पण बंदराच्या तोंडावर एक वीट हलवायची तरी सौंदर्य समितीची परवानगी लागायची. समितीनं नाही म्हणून कळवलं. दृश्य बिघडेल म्हणे.

“परवानगी गेली खड्ड्यात. तू बांध,” ती भावाला म्हणाली.

“ताई, मला कामं तेच देतात. पोट आहे माझं.”

“पोट आहे ते दिसतंय. कणा कुठं ठेवून आलास?”

भाऊ मान खाली घालून निघून गेला. मग ती गॅलरीत गेली आणि चार पाहुण्यांसमोर समितीच्या अध्यक्षबाईंना म्हणाली, “नाही म्हणायचं तर घरी येऊन त्यांच्या तोंडावर म्हणा.” गॅलरी या बाईंचीच होती. पाहुण्यांसमोर त्यांना घरी यायला हो म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, सोबत चित्रकलेचे सर. सर दर शनिवारी बसभर हौशी मंडळींना घेऊन याच दारासमोर बसवायचे. भर उन्हातही त्यांच्या गळ्यात मफलर असायचा. पाहुणे येणार म्हणून दोरवाल्यानं सकाळीच दाढी करून घेतली होती. तो दाराच्या आत, खुर्चीत, धुतलेला शर्ट घालून बसला होता. बोलणं उंबऱ्यावरच झालं.

“मावशी, काकांचं वाईट आम्हालाही वाटतं हो,” बाई म्हणाल्या. “पण या पायऱ्या आता फक्त तुमच्या राहिल्या नाहीत. त्या सगळ्यांच्या मनात आहेत.”

“मग मनातल्या मनात चढा-उतरा की सगळे. दगडाच्या तेवढ्या मला द्या.”

“मागच्या बाजूनं नाही का होणार उतार?” सरांनी विचारलं.

“मागं डोंगर आहे, सर. तुम्हीच नाही का तो दर शनिवारी जांभळा रंगवून घेता?”

सर हसले. त्यांना हसायची सवय होती, अडाण्यांशी बोलताना ती उपयोगी पडते. “अहो, प्रश्न एका उताराचा नाही. या दृश्याची एक शुद्धता आहे.”

चादरवालीनं दारासमोरच्या दोरीकडं बोट दाखवलं. पंचवीस-तीस चादरी वाऱ्यावर फडफडत होत्या. “या इथं रोज असतात. तुमच्या चित्रात एक तरी आहे?”

“चित्रकार समोरचं सगळं घेत नाही, मावशी. कला म्हणजे निवड. जे खटकतं ते आम्ही वगळतो.”

“कचऱ्याचा डबा?”

“वगळतो.”

“माझा गॅसचा सिलिंडर?”

“तोही वगळतो.”

“मग उतारही वगळा! त्या सिमेंटनं तुमचं काय घोडं मारलंय?”

सरांनी बाईंकडं पाहिलं, बाईंनी सरांकडं. इथं ती थांबली असती तर सगळं छान झालं असतं. पण तिची जीभ एकदा सुटली की तिचीही राहत नसे.

“आणि वगळण्यात तुमचा हात कोण धरणार म्हणा! हा माणूस जन्मभर या धक्क्यावर उभा राहिला. तुम्ही दिसलात की पोट आत घेऊन, मान ताठ करून. एकानं तरी घेतलं का त्याला चित्रात? मांजर घेतलंत. मांजर! यांना नाही.”

आत खुर्चीचं चाक करकरलं. बाईंनी आत पाहिलं आणि शाल सारखी केली. सर मफलरशी चाळा करत राहिले. परवानगी तिथल्या तिथं मिळाली. उताराला दगडासारखा रंग द्यायचा, एवढीच अट.

ती आत आली तेव्हा त्यानं खुर्ची भिंतीकडं वळवली होती.

जिंकून आलेल्या बाईला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालेलं कुणी पाहिलं नसेल. माफी कशी मागतात हे तिला माहीत नव्हतं. तिच्यावर तशी वेळच कधी आली नव्हती. तिनं त्याच्या कॉलरच्या शर्टला कडक इस्त्री केली. बाईंच्या शालीला नावं ठेवली, सरांची नक्कल करून दाखवली. एरवी तो खुदखुदला असता. जेवताना त्यानं एवढंच विचारलं, “मांजर घेतलं?”

“हो.”

“ते भटकं? मासे चोरणारं?”

“तेच.”

त्यानं मान हलवली आणि पुढचा घास नको म्हणाला.

भावानं उतार बांधला. कठडा गुळगुळीत केला, रंग दिला, आणि एखादा पूल बांधून दिल्यासारखा पुन्हा पुन्हा येऊन बघून गेला. पण दोरवाला खाली उतरेना. आज वारा आहे. आज ऊन आहे. आज नको, पाय दुखतोय.

“जो पाय दुखतोय त्यात तर जीवच नाही म्हणता,” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला रडू फुटलं. ते लपवायला ती बंबाकडं गेली. उतार तर झाला, पण उतरायचं मन आपणच आपल्या तोंडानं मारून टाकलं, ही भीती तिला आता दिवसभर खात होती. भोंगा वाजला तरी त्याचा हात आता उघडत नव्हता.

शनिवारी बस आली. हौशी मंडळी टोप्या, घडीची स्टुलं आणि नवेकोरे रंग घेऊन उतरली आणि उताराच्या पायथ्याशी ओळीनं बसली. सर पुढं उभे राहून समजावत होते. दार उघडं होतं, शब्द न् शब्द वर ऐकू येत होता.

“तर मंडळी, डाव्या हाताला तो उतार आहे बघा. तो आपण बघायचा नाही. तिथं काही नाहीच, असं समजा. डोळ्यांना तशी सवय लावा.”

मंडळींनी माना डोलावल्या आणि उताराकडं न बघण्यासाठी आधी नीट निरखून बघून घेतलं.

“शर्ट दे,” आतून दोरवाला म्हणाला. “तो कॉलरचा.”

चादरवालीनं हातातला टॉवेल खाली ठेवला. “कुठं निघालात?”

“कामावर.”

तिनं त्याला शर्ट घातला, वरचं बटण लावलं, केस विंचरले. मग खुर्ची उतारावर घेतली. भावानं काम चोख केलं होतं. खुर्चीला जराही हिसका बसला नाही. खाली पोचल्यावर तिनं ती खुंट्याच्या दिशेनं वळवली.

“तिकडं नको,” तो म्हणाला. “सरळ घे.”

“सरळ तर ही सगळी बसलीयेत.”

“तेच.”

तिनं सरळ घेतली. पहिल्या ओळीतल्या स्टँडपासून हातभर अंतरावर, बरोबर मधोमध त्यानं तिला थांबायला सांगितलं. मग खुर्ची फिरवून घेतली. आता दाराकडं पाठ होती आणि सगळ्या चित्रकारांकडं तोंड. त्यानं पोट आत घेतलं. मान ताठ केली. डावा हात गुडघ्यावर ठेवला आणि हलायचा थांबला.

ब्रश अडले. टोपीवाली एक बाई डावीकडं वाकली, तिच्या शेजारचे गृहस्थ उजवीकडं. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. शेवटी सर आले, हसतच.

“वा, काका! तुम्हाला बाहेर बघून बरं वाटलं. जरा बाजूला होता का? काय आहे, दार दिसत नाहीये.”

दोरवाल्याची जीभ जड होती. एकेक शब्द तो दोर ओढावा तसा ओढून आणत होता. “मला वगळा की, सर.”

“अहो, पण तुम्ही अगदी मधोमध आहात.”

“तेव्हाही मधोमधच होतो.” त्यानं दम घेतला. “आज काय अडलं? निवड करा.”

सरांचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांनी मदतीसाठी चादरवालीकडं पाहिलं. बायकोनं समजावलं तर म्हातारा ऐकेल, अशी त्यांची आशा. सगळी ओळ तिच्याकडं बघू लागली. तिच्या जिभेवर तर केव्हापासून सतराशे साठ गोष्टी तयार होत्या.

ती एक शब्द बोलली नाही. खाली वाकली आणि तिनं खुर्चीला ब्रेक लावला.