सहदेवनानांचा पट्ट्याचा कायदा

कडावच्या भातगिरणीत सहदेवनानांचा एकच कायदा चालायचा. जे आपल्या हुकमात नाही, ते पट्ट्याजवळ न्यायचं नाही. ऑइल इंजिनाच्या चाकावरून गिरणीकडे धावणाऱ्या त्या रुंद पट्ट्याशेजारी नानांनी चौदा वर्षं काढली होती. कुणाच्या धोतराचा सोगा सुटलेला दिसला, की भाताचं पोतं दारातच थांबायचं. पदर खोचल्याशिवाय बाईला आत प्रवेश नव्हता. एकदा त्यांनी सरपंचांनाही उपरणं काढायला लावलं होतं.

"पट्टा पंचायतीला वळखत नाय," एवढंच म्हणाले.

१९७८ च्या शिमग्यानंतर नानांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. पाय दोन महिन्यांत चालू लागला, जीभ तर त्याच्याही आधी. हात मात्र भिजलेल्या पोत्यासारखा लोंबत राहिला.

मी तेव्हा कर्जतच्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या कामाला नुकताच लागलो होतो. राहायला कडावलाच. त्यामुळे डॉक्टर सांगतील तेव्हा सकाळी नानांचं रक्त काढायचं आणि सायकलवरून दवाखान्यात न्यायचं, हे काम माझ्याकडे आलं. ते रक्त बारीक काचेच्या नळीत उभं ठेवायचं आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. अंगात कुठे दाह असला की त्या भराभर बसतात. गावात हे मी पुष्कळांना समजावलं होतं. पहिल्या दमात कळलं ते नानांनाच.

"म्हंजे पोचट बी तरंगून वर यावं म्हनून मिठाच्या पान्यात बियानं टाकतो तसं. फकस्त हितं बुडतं ते वायट."

नानांचं बुडतच होतं. शिमग्यानंतर आकडा बासष्ट होता, पावसाळा लागताना अठ्ठावन्न, श्रावणात साठ. निरोगी माणसाचा पंधरा-वीसच्या आत असतो. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, लघवी पाहिली, दात पाहिले. दुसरं कारण सापडेना.

"लकव्यानंतर ज्यांच्या रक्तातला दाह असा रेंगाळतो, त्यांच्यातल्या काहींना पुढे फिट येते असं मला वाटतं," डॉक्टर म्हणाले. "नुसता अंदाज आहे हं. पुस्तकात मला कुठे मिळालेला नाही. पण तू तिथे जातोस, तर लक्ष ठेव."

भाद्रपद संपत आला होता. एका सकाळी मी सुई घेऊन गेलो, तर नानांच्या बायकोनं, येसूबाईंनी, दारातच माझ्या हातावर पेढा ठेवला.

"जया, यांचा हात जागा झाला रं. अंगठा आपसूक उडतोय. काल तीनदा उडला. मारुतीला नारळ फोडला मी."

ओटीवर नाना नवरदेवासारखे बसले होते. अर्धी आळी हात बघून गेली होती.

"खंडेनवमीला इंजिन मीच चालू करनार," नाना म्हणाले. "दिवाळीला नवं भात आलं, की मी पट्ट्याशी."

आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. गिरणीत इंजिनाला हार घालतात आणि गिरणीवाला स्वतः हँडल मारतो. त्याखेरीज हंगाम सुरू होत नाही.

मी पेढा तोंडात घातला, आणि तेवढ्यात अंगठा उडाला. मी सवयीने घड्याळ पाहिलं. अंगठ्यामागून बोटं, मग मनगट, सगळं एका ठेक्यात.

"बघ, इंजिनासारखा चाललाय," येसूबाई हरखून म्हणाल्या.

मग नानांच्या तोंडाचा उजवा कोपरा ओढला गेला. मी हाक मारली. नाना माझ्याकडे पाहत होते, पण त्यांना बोलता येत नव्हतं. सत्तर सेकंदांनी सगळं थांबलं आणि हात पुन्हा पोत्यासारखा पडला.

"नाना, आता अंगठा हलवून दाखवा."

त्यांनी जोर लावला. कपाळावर घाम आला. अंगठा जागचा हलला नाही.

मी म्हणालो, "नाना, हा हात जागा झालेला नाही. ही बारीक फिट वाटते मला. आज डॉक्टरांकडे चला."

"तुला पेढा दिला ती चूक झाली," नाना म्हणाले.

पण टेंपोत बसले.

डॉक्टरांनी माझ्या सत्तर सेकंदांची नीट चौकशी केली, नानांना तपासलं आणि गोळ्या लिहून दिल्या. एक दिवसही चुकवायच्या नाहीत. विहिरीच्या काठावर, चुलीपाशी आणि चालू पट्ट्याजवळ जायचं नाही. आज हात उडतोय, उद्या कदाचित सगळं अंग उडेल.

परतताना येसूबाईंनी विचारलं, "मग तो नारळ?"

"खाल्ला की आपन," नाना म्हणाले.

खंडेनवमीला मी गिरणीत लवकर गेलो. नाना पट्ट्याकडे निघालेच, तर त्यांना अडवायचं कसं, याची मी वाटभर तयारी केली होती. नाना इंजिनासमोर उभे होते. हार घातलेला, कुंकू लावलेलं. डाव्या हाताने त्यांनी आपला उजवा हात उचलला आणि सुटलेल्या सोग्याकडे पाहावं तसा तो नीट न्याहाळला.

"ह्यो माझ्या हुकमात नाय," ते म्हणाले. "येसू, पदर खोच."

"मी?"

"चौदा वर्सं जेवान घेऊन येतीस. हँडल कसं मारत्यात ते बघितलं नायस व्हय?"

येसूबाईंनी पदर खोचला. पहिल्या खेपेला इंजिन नुसतं खोकलं. दारातून कुणी हसलं. तिसऱ्या खेपेला त्याने ठोका धरला, छपरावरची कबुतरं उडाली, आणि येसूबाईंनी कपाळावरचा घाम मनगटाने असा पुसला, जणू रोजचंच काम.

नाना तोवर उंबऱ्याबाहेर स्टुलावर जाऊन बसले होते. त्यांचं तोंड दाराकडे होतं.

त्या हंगामापासून गिरणी येसूबाईंनी चालवली आणि दार नानांनी. गोळ्यांनी हात बराच शांत झाला. पुढच्या शिमग्यात आकडा एकतीसवर आला. तो सांगायला मी घाईघाईने गिरणीत गेलो, तर नानांनी काठी आडवी घातली. रक्त काढताना दंडाला बांधायची माझी रबरी नळी खिशातून लोंबत होती.

"आकडा मागनं सांग," ते म्हणाले. "आदी ती आत कोंब."