आतल्या बाजूचे तीन ठिपके

माझी पुतणी अठरा वर्षं पिकअप चालवते. स्वतःची एकही नाही.

घाटाखाली सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. त्या दुकानाची गाडी तिच्या ताब्यात असते. सकाळी माल भरायचा, घाट चढायचा, वर उतरवायचा, रिकामी गाडी खाली आणायची. दिवसाला तीन खेपा. रस्ता अर्धा डांबरी, अर्धा दगडांचा. वरच्या शेवटच्या वळणाला गिअरशेजारचा दुसरा दांडा ओढून पुढच्या चाकांनाही जोर दिल्याशिवाय भरलेली गाडी निघत नाही. तिथे डाव्या हाताला कठडा नाही.

ड्रायव्हर मंडळी तिला मास्तर म्हणतात. कुणाच्या चाकात हवा कमी दिसली की ही चालत्या गाडीतून ओरडणार. कुणी माल एका बाजूला भरला की उतरून दोर सोडायला लावणार. तिचा नवरा शिंपी. तो म्हणतो, "घरीसुद्धा ताट वाढलं की आधी पाट हलतो का ते बघते."

एकोणीस वर्षांची असताना ती आमच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये गाड्या धुवायला लागली. मीच लावली होती. मी तिथे वेल्डर होतो. बाकीचे गाडी वरून धुवायचे. ही खड्ड्यात उतरून खालून धुवायची. फोरमननं विचारलं, "खालचं कोण बघणार आहे गं?" ही म्हणाली, "खाली काम करतो तो." दोन वर्षांत आवारातल्या गाड्या पुढे-मागे घेता घेता गाडी शिकली आणि बाहेर पडली. मी तिथेच राहिलो. एकतीस वर्षं भरली आणि निवृत्त झालो. आता डोळ्यांना ठिणगी सोसत नाही.

या वर्षी तिनं ठरवलं, स्वतःची गाडी घ्यायची. नवी परवडणार नव्हती. जुनी, पण चारही चाकांना जोर असलेली हवी होती. गावाबाहेरच्या दलालाकडे एक आली होती. दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. ती मला म्हणाली, "काका, इंजिन मी बघते. चासी तुम्ही बघा. तुम्ही हो म्हणालात तर घेते. नाही म्हणालात तर परत एक शब्द नाही."

दुकानाचीच गाडी घेऊन आम्ही निघालो. तिच्या मालकानं अर्धा दिवस दिला होता.

तिची गाडी बघायची रीत मला आवडली. आधी गाडीकडे बघितलंच नाही. दलालाला म्हणाली, "दादा, जरा चार हात पुढे घ्या."

"आधी बघा तर, ताई. रंग बघा."

"रंग पळून जात नाही. पुढे घ्या."

गाडी पुढे गेल्यावर ती मोकळ्या झालेल्या जागेवर उकिडवी बसली आणि माती बघितली. तेलाचा एक ताजा डाग, रुपयाएवढा. त्यावर बोट फिरवून वास घेतला. मग उठून बॉनेटवर तळहात ठेवला.

"दादा, हिला सकाळीच गरम करून ठेवलीत."

"तुमच्यासाठीच, ताई. थंडीत तुम्हाला ताटकळायला नको."

"ताटकळायलाच आले होते. थंड गाडी खरं बोलते."

दलाल हसला. मीही हसलो. तिनं पुढच्या चाकांचा जोर गाडी रेतीच्या ढिगावर चढवून तपासला. चारही चाकं फिरली. दरवाज्यांच्या फटी बघितल्या, पायाखालचं रबर उचलून पत्रा बघितला, तेलाच्या झाकणाची आतली बाजू बघितली. तासभर गेला. शेवटी रुमालाला हात पुसत म्हणाली, "माझं झालं. तुम्ही घुसा, काका."

तिचा चेहरा मी ओळखतो. तिला गाडी आवडली होती.

मी पोतं अंथरून खाली शिरलो. या वयात शिरायला वेळ लागतो. एका हातात छोटा हातोडा, दुसऱ्या हातात खरवडणी. चासी म्हणजे गाडीचा कणा. दोन लांब लोखंडी बाजू आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. बाकी सगळं त्यावर ठेवलेलं असतं. खालून जाड काळा थर मारलेला होता. जुन्या गाडीवर नवा काळा थर दिसला की तो खरवडायचाच. केबिनच्या मागे, जिथे मालाचा हौदा सुरू होतो, तिथे सगळा भार येतो. मी तिथून सुरुवात केली.

बाहेरची बाजू खरवडली. लोखंड सपाट. बोट फिरवलं. काही नाही. हातोडा मारला, आवाज स्वच्छ. मी समाधानानं "हं" म्हटलं, ते तिनं बाहेर ऐकलं.

"काय, काका? चांगलीये?"

"थांब. आतून बघतो."

चासीची बाजू आतून पन्हळीसारखी असते. तिथे घासायचा ग्राइंडर नीट पोचत नाही. मी काळा थर काढला आणि खाली वेल्डिंगची कड दिसली. वरपासून खालपर्यंत सरळ. म्हणजे चासी इथे पूर्ण कापून पुन्हा जोडलेली होती. चोर, असं मी मनात म्हटलं. मग कडेच्या तळाशी बघितलं.

तिथे तीन ठिपके होते.

वेल्डिंग संपवताना रॉड तसाच उचलला तर शेवटी खड्डा राहतो आणि तडा तिथूनच सुटतो. म्हणून शेवट बंद करावा लागतो. जो तो आपल्या रीतीनं करतो. मी थोडा मागे वळून तीन ठिपके द्यायचो, एकाला एक चिकटून, तिसरा लहान. मी डावखुरा. माझी कड उलट्या बाजूला कलते. ही तशीच कललेली होती.

हातोडा मी कधी खाली ठेवला ते मला आठवत नाही. मी उताणा पडून ते तीन ठिपके बघत राहिलो. आपलं अक्षर दुसऱ्याच्या पत्रात सापडावं तसं झालं.

"काका? झोपलात काय?"

"ही खाणीची गाडी आहे का, विचार."

दलाल बाहेरून म्हणाला, "असेल ना. खाणीनं काढल्या होत्या मागे लिलावात. पण मजबूत असतात हं खाणीच्या."

मी बाहेर आलो. उठता येईना. तिनं काखेत हात घालून उभं केलं.

"जोड आहे," मी म्हणालो. "आरपार कापून जोडलेली आहे."

दलालाचा आवाज चढला. "कोण म्हणतं जोड आहे? मी स्वतः खाली जाऊन बघितलंय. बाहेरून बोट फिरवा, रेषसुद्धा लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी दिसतं आणि माझा माल बदनाम!"

"मी म्हणतो. जोड माझा आहे. मीच केला."

पुतणी माझ्याकडे असं बघत होती, जसं मी दुसऱ्याच भाषेत बोललो.

मग मला सगळं सांगावं लागलं. ती वर्कशॉप सोडून गेल्यानंतरची गोष्ट. खाणीच्या पिकअप दगडांनी वाकल्या होत्या. फोरमन म्हणाला, वाकलेला तुकडा काढ, दुसरा बसव, या गाड्या आवाराबाहेर जायच्या नाहीत. मी कापलं आणि जोडलं. असा जोड तिरका द्यायचा असतो आणि बाहेरून जाड पट्टी मारायची असते, म्हणजे भार पट्टीवर जातो. मला हे माहीत होतं. पट्टी कापूनही ठेवली होती. पण पट्टी मारली की जोड दिसतो. मला तो दिसायला नको होता. सरळ जोडला आणि दोन दिवस घासला. फोरमननं बोट फिरवून विचारलं, "कुठे आहे रे जोड?" त्या दिवशी मी घरी शीळ वाजवत गेलो.

मला कुणी पट्टी मारू नको म्हटलेलं नव्हतं. एवढं लिहून ठेवतो.

पुतणी ऐकत होती. तिनं एकच प्रश्न विचारला. "अशा किती केल्यात?"

"तीन."

"तिन्ही पिकअप?"

"तिन्ही. एकाच वेळी घेतलेल्या. पुढच्या चाकांना जोर असलेल्या."

ती वळली आणि फाटकाकडे बघू लागली. फाटकात आम्ही आणलेली दुकानाची गाडी उभी होती. हीच बनावट, हेच वय. रंग तेवढा वेगळा.

"आमच्या मालकानं पण लिलावातूनच घेतली," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "सहा वर्षं झाली."

मी म्हणालो, "असेल तरी तीच कशाला असेल?"

"शिरा खाली."

माझ्याशी ती अशी कधी बोलली नव्हती. मी पोतं ओढत फाटकापर्यंत गेलो. दलाल मागून आला, त्यानं स्वतःची बॅटरी आणली. मी शिरलो. या गाडीला काळा थर नव्हता, नुसती सिमेंटची धूळ आणि माती. ब्रशनं झाडली. केबिनच्या मागे, डाव्या बाजूला, आतून. कललेली कड. तीन ठिपके, तिसरा लहान.

आणि ठिपक्यांच्या वर, कडेला लागून, एक केस. मला आधी वाटलं पोत्याचा धागा आहे. पुसला, गेला नाही. नखानं ओढलं. नख आत अडकलं.

खड्ड्याच्या जागी तडा सुटू नये म्हणून मी ठिपके दिले होते. ठिपक्यांजवळ तडा नव्हताच. तो चार बोटं वर, जिथे मी बाहेरून घासून घासून लोखंड पातळ केलं होतं, तिथून निघाला होता. आत-बाहेर आरपार होता. बाहेरून तो रंगाखाली सुतासारखा दिसत होता. तिनं तो रोज बघितला असणार आणि ओरखडा समजली असणार.

ती माझ्या शेजारी उताणी झाली. एकाच पोत्यावर आम्ही दोघं. मी तिचं बोट धरून तिथे नेलं. तिनंही नख लावलं.

"काल चाळीस पोती होती," ती म्हणाली. "तिन्ही खेपांना."

तिचं नख अजून तड्यातच होतं.

"वरच्या वळणावर टक् असा आवाज यायचा. महिनाभर. मी हौद्याचे बोल्ट आवळले. दोनदा."

सकाळी मी याच गाडीत बसून, पाय पसरून, तिला जुन्या गाड्यांत काय काय बघायचं ते शिकवत आलो होतो.

बाहेर येऊन तिनं मालकाला फोन लावला. फोनमधला आवाज आम्हाला ऐकू येत होता.

"गाडी इथून हलणार नाही. चासी तडकलीये."

"काय झालं तिला? सकाळी तर गेलीस ना घेऊन? दुपारी माल जायचाय. हळू घेऊन ये."

"हळू पण नाही. ओढून न्यावी लागेल, रिकामी."

"कुणी सांगितलं तुला हे?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "ज्यानं जोडली त्यानं."

"मग त्यालाच सांग चालवायला! आणि हे बघ, दुपारी गाडी आली नाही तर उद्यापासून तूही येऊ नकोस."

"गाडी वर गेली असती तर उद्यापासून तसंही आले नसते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. किल्ली काढून स्वतःच्या खिशात घातली. दलाल म्हणाला, "ताई, संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला मी काय सांगू?"

"काकांनी सांगितलं तेच. नाहीतर मी इथेच बसते. मी सांगेन."

ती खरंच बसली. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. तिनं त्याला खाली शिरायला लावलं, ठिपके दाखवले. तो निघून गेला. दलालानं तिला शिव्या दिल्या नाहीत, हेही नवलच. त्यानं स्वतः खडूनं त्या चासीवर मोठी फुली मारली.

दुकानाचा मालक दुसऱ्या दिवशी मेकॅनिक घेऊन आला. तडा बघितल्यावर त्याचा चेहरा उतरला. त्यानं तिला परत बोलावलं, ते मी तिच्या नवऱ्याकडून ऐकलं. ती माझ्याशी बोलत नव्हती.

पाचव्या दिवशी ती दारात आली. चहा नको म्हणाली.

"तिसरी कुठली?"

"आठवत नाही."

"रंग?"

"तेव्हा तिन्ही पिवळ्या होत्या. आता काहीही असेल."

"फोरमन?"

"गेला."

"काका, तुम्हाला तो बोट फिरवून काय बोलला ते शब्दन् शब्द आठवतं. गाडी आठवत नाही?"

खरंच आठवत नव्हती. रात्रंदिवस आठवून बघितलं. मला घासलेलं लोखंड दिसतं, त्यावर फिरणारं फोरमनचं बोट दिसतं. गाडी दिसत नाही.

तिनं कोपऱ्यातल्या माझ्या पोत्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पोतं घ्या आणि चला."

तेव्हापासून दर सुटीच्या दिवशी आम्ही जातो. ती त्या बनावटीच्या गाड्या शोधून ठेवते. घाटात, बाजारात, दुसऱ्यांच्या अंगणात. मालकाला काय सांगायचं ते ती सांगते. काही हसतात. एकानं विचारलं, "मास्तर, फुकट तपासणीचा धंदा काढलात काय?" ती म्हणाली, "हो. माणूस स्वस्तात मिळालाय." मी शिरतो. आतल्या बाजूला, केबिनच्या मागे, डावीकडे. खरवडतो, बॅटरी मारतो, बाहेर येऊन मान हलवतो. नाही, ही नव्हे.

तिनं स्वतःची गाडी अजून घेतलेली नाही. म्हणते, आधी ती सापडू दे.

एकोणचाळीस गाड्या झाल्या.