उलटं बटण

सासूबाई सुनेला ‘मिस्त्रीण’ म्हणत. नळ गळो की इस्त्री बिघडो, ही बाह्या सारून तयार. सुरुवातीला त्या हाकेत टोमणा होता. तो कधी गळून पडला, दोघींनाही कळलं नाही.

आज मात्र मिस्त्रीणबाईंच्या कसबावर बरंच काही अडलं होतं. खिडकीतला एसी लावला की ओल्या पोत्यासारखा वास यायचा आणि सासूबाईंना खोकल्याची उबळ. खिडकी उघडावी तर रस्त्याची धूळ. शेवटी नणंद आली आणि आईला आपल्या घरी न्यायचं म्हणून आल्या आल्या तिची बॅग भरायला बसली.

“ताई, एकदा आतून साफ करते. तरी खोकला आला तर न्या.”

“गाडी बोलावलीय मी. काय करायचं ते झटपट कर.”

सासूबाई दारापाशी खुर्चीत, नाकाला रुमाल लावून, अनवाणी बसल्या होत्या. जायचं नव्हतंच त्यांना. पण श्वासच साथ देईना, तर हट्ट करणार कशाच्या जोरावर?

सुनेने बटण बंद केलं. प्लग कपाटामागे होता. दरवेळी कपाट कोण सरकवणार म्हणून ती बटणावरच भागवायची. जाळी उतरवली, फिल्टर धुऊन वाऱ्यावर ठेवला, पत्र्याच्या नाजूक पात्या मऊ ब्रशने झाडल्या. वास जागचा हलेना. टॉर्च मारला तेव्हा दिसलं, हवा येते त्या फटीच्या आत पंख्यावर काळी बुरशी माजली होती.

जुना टूथब्रश घेऊन तिने मनगटापर्यंत हात आत घातला.

“अगं वहिनी, वेड लागलंय का? बटण चालूच आहे की!” नणंद बटणाकडे धावली.

घरातलं ते एकच बटण उलटं बसलेलं. खाली केलं की बंद. घरच्यांच्या बोटांना ते इतकं सवयीचं, की आल्यागेल्याला सांगायचं कुणाला सुचायचंच नाही.

“ताई, नको!” सुनेचा आवाज पत्र्यातच घुमला.

“हात काढ!” रुमाल फेकून सासूबाई ओरडल्या.

हात बाहेर आला आणि खट्. पंखा गरगरला, टूथब्रश आत खडखडला. सुनेने झेप घेऊन बटण खाली केलं.

नणंदेचा चेहरा पांढराफटक. “मी बंद करत होते गं…”

“ठाऊक आहे,” सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. “तू लहानपणापासून अशीच मदत करतेस.”

सून स्वतःची बोटं उघडमिट करून बघत होती. मग म्हणाली, “ताई, कपाटाला हात लावा.”

कपाट सरकलं, प्लग निघाला. सून ब्रशचे तुकडे वेचून बुरशी पुसत होती, तोवर नणंद प्लग मुठीत धरून जमिनीवर बसून राहिली. खाली हॉर्न वाजला. ती उठली नाही.

एसी लागला तेव्हा दोघींचे डोळे सासूबाईंच्या छातीवर. एक श्वास. आणखी एक. पुन्हा हॉर्न.

“जाऊ दे म्हणावं त्याला,” सासूबाई म्हणाल्या. “आणि मिस्त्रीण, ती बॅग उघड आधी. माझ्या घरातल्या चपला कोंबल्यात हिने.”