जिभेला चिकटलेला दगड

भिंगसर दगड चाटायचे. कल्याणच्या कॉलेजात ते आम्हाला भूगर्भशास्त्र शिकवत. गळ्यात काळ्या दोरीला भिंग, खिशात दगडाच्या ढलप्या आणि तोंडात आमच्यासाठी एकच शब्द, "गाढवं!" आम्हीही कमी नव्हतो. त्यांची पाठ वळली की जीभ काढून त्यांची नक्कल करायचो.

आंबिवलीच्या एका बंद खाणीत त्यांनी मला काळ्या दगडातले पांढरे, रेखीव स्फटिक दाखवले.

"किती छान, सर!"

"छान काय डोंबल! लाव जिभेला."

लावला. दगड चिकटला.

"पाणी मुरलं, स्फटिकाची माती झाली, आकार तेवढा राहिला. घर जुनं, भाडेकरू नवा. ताजा दगड असा चिकटत नाही. आपले प्राचार्य बघ, बाहेरून स्फटिक, आत शाडू."

मी दिवसभर थुंकत होते.

पुढे मी ठाण्यात इमारतींच्या पायाचे अहवाल लिहू लागले. एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. टिटवाळ्याच्या एका टॉवरसाठी पायातल्या दगडांचे फोटो आले. स्फटिकांच्या कडा रेखीव दिसल्या, 'ताजा, कठीण खडक' असं लिहून मी मोकळी झाले.

तोवर सर निवृत्त होऊन वर्तकनगरात भाड्याने राहत होते. एक दिवस त्यांचा फोन आला. "त्या टॉवरमध्ये घर घेतोय. अहवालावर तुझं नाव आहे, म्हणून." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझं कौतुक केलं. मी हुरळून त्यांना साइट दाखवायला घेऊन गेले.

सर पायासाठी खणलेल्या खड्ड्यात उतरले, एक दगड उचलून जिभेला लावला. तो चिकटला.

"तू चाटलास?"

"सर, हल्ली असं कोणी..."

"चाटलास का?"

"नाही."

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी दगड शर्टाला पुसून माझ्या हातात ठेवला. "अहवाल बदल. नाहीतर मी इथे राहायला येतो."

मी अहवाल बदलला. पाया आणखी खोल गेला आणि माझी नोकरीही गेली. त्यानंतरच सरांनी तिथे घर घेतलं आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. माझं कौतुक मात्र पुन्हा कधी केलं नाही.

आता मी साइटवर दगड चाटते. तरुण इंजिनियर तोंड फिरवून हसतात. गाढवं आहेत सगळी! अशा वेळी सर फार आठवतात.