आईच्या हातची सरकी

मनकर्णा परभणीच्या कृषी विद्यापीठात पीएच.डी. करत होती, आणि आपण नेमकं काय करतो हे ऐकून घेणारं तिला कुणी नव्हतं. घरमालकीण केशरबाई सगळं मान डोलावून ऐकायच्या आणि विचारायच्या, "ते ऱ्हाऊ दे, लग्नाचं काय?"

खरं तर गोष्ट गमतीची होती. कोरड्या सरकीत उगवण्याचे निरोप आरएनएच्या रूपात आधीच लिहिलेले असतात. प्रथिनं ते मुठीत धरून बसतात. सरकी भिजली की त्या प्रथिनांवरचे फॉस्फेटचे कण बदलतात आणि मूठ सैल होते, असं तिचं म्हणणं. ते सिद्ध करण्यात चार वर्षं गेली होती.

१९९३च्या उन्हाळ्यात कोरड्या सरकीची शेवटची मोजणी उरली. आईने गेल्या हंगामात, मरण्याआधी, वेचलेल्या कापसाचीच सरकी हवी होती, कारण भिजल्या सरकीच्या मोजण्या त्याच सरकीवर झालेल्या. उरलेली सरकी होती झरी गावापलीकडच्या खेड्यात, वडिलांकडे, आबांकडे. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत घर जळालं तेव्हापासून आबा कामापुरतंच बोलायचे. तिनेही कामापुरतंच पत्र टाकलं: 'बी जपून ठेवा. जूनमध्ये येते.'

गेली, तर अंगणात सरकी पसरलेली. पेरणीआधी करतात तशी ओल्या शेणमातीत चोळून वाळवलेली, दाणा न् दाणा सुटा.

"आबा, हे काय केलंत! पाणी लागलं, माझं सगळं वाया गेलं!"

आबा गोंधळले. "बी ठिव, जूनात येते म्हनलीस. मला वाटलं, पेराय यायलीस. तुजी माय गेली. मागं सरतं धराया कोन हाय आता?"

बी बांधायची आईची ओटी धुऊन खुंटीला टांगलेली होती. मनकर्णेला स्वतःची लाज वाटली, आणि मग रडू आलं.

ती राहिली. पावसानंतर जमिनीला वापसा आल्यावर आबांनी बैल जुंपून तिफण हाकली, मागून तिने सरत्याच्या नळीत मुठीमुठीने बी सोडलं. त्यांनी दिवसभर मागे वळून पाहिलं नाही, फक्त प्रत्येक वळणावर विचारायचे, "हाईस ना मागं?"

"हाय, आबा."

प्रबंध वर्षभर लांबला. परभणीला परतल्यावर तिने खोलीचं कुलूप काढलं, स्टोव्हवर एकटीपुरता भात टाकला आणि उगीच कान देऊन बसली. "हाईस ना मागं?" असं विचारणारं कुणी नव्हतं. तिकडे आबांच्या मागेही आता कुणी नव्हतं.