आई रेडिओवर बोलली
जुना रेडिओ तापला की लाकडाला एक वास सुटतो. तो आला की आमची अकोल्याची बैठकीची खोली आठवते. शेर जाऊन किलो आला, ते दिवस. रेडिओवर ताज्या बातम्यांची थट्टा करणारा एक कार्यक्रम लागायचा आणि त्यात साधी माणसं आपली मतं ठणकावून सांगायची. एकदा ती मतं टिपायला रेडिओवाले आमच्या शाळेच्या मैदानात आले. माझी आई बार्शीटाकळीच्या शेतकऱ्याची लेक, अकोल्याच्या वकिलाची बायको. ती सरळ माइकपुढे जाऊन उभी राहिली. वडिलांनी मान खाली घातली. निवेदकानं किलोबद्दल विचारलं. आई म्हणाली, “माप बदलून काय होते? तराजू धरनारा हात त तोच हाये!” मैदान हसलं. निवेदक म्हणाला, “बाई, जरा शुद्ध बोला, सगळा महाराष्ट्र ऐकणार आहे.” “मंग मले कावून इचारलं? शुद्ध बोलनारे त तुमच्यापाशी पगारी हायेत!” टाळ्या पडल्या, पण निवेदकाचा चेहरा पाहून सगळे म्हणाले, हे काही रेडिओवर लागत नाही. पुढच्या रविवारी आळी आमच्या खोलीत जमली. आईचं बोलणं लागलं, निवेदकाला दिलेल्या उत्तरासकट, एकही शब्द न गाळता. तेव्हा वडील उठले, आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि रस्त्यावरच्यांनाही ऐकू जावं म्हणून दार सताड उघडलं. इतकी वर्षं पुण्यात काढूनही मी ‘मले’च म्हणतो, कुणी हसलं, तर पुन्हा म्हणतो.